फक्त आकडा सांगा

"तीन," आई म्हणाली. दार नुसतं लोटलेलं होतं आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पिशवीत किल्ली चाचपडत उभी होते. त्याच्या आधी एक कोवळा, घोकलेला आवाज सांगत होता की कोणत्या गोष्टी ते सांगू नका काकू, फक्त आकडा सांगा. ऑफिसातली वीज सकाळीच गेली होती, ती येण्याचं काही लक्षण दिसेना म्हणून आम्हाला दोन वाजता सोडलं होतं, आणि दुपारी अडीचला मी स्वतःच्या घराच्या दारात असणं हे कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. घरात दुपारी काय असतं ते मला माहीतच नव्हतं. आई असते, एवढं माहीत होतं. तो प्रश्न मात्र मी लगेच ओळखला. ओळखला म्हणजे काय, तो माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता, त्यातला एक स्वल्पविराम माझा होता. आणि ओळखल्याबरोबर मी जे केलं ते हसण्यासारखं होतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता एक मजला खाली उतरले. नियम आहे ना, मुलाखत चालू असताना घरातलं दुसरं माणूस तिथे असता कामा नये. खालच्या बिऱ्हाडाच्या बंद दारासमोर, त्यांच्या पायपुसण्यावर अनवाणी उभी राहून मी वीस मिनिटं काढली. ती मुलगी छातीशी फायली धरून उतरली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. तिला मी त्या खालच्या बिऱ्हाडातलीच वाटले असणार. मग मी चपला घातल्या, मुद्दाम पाय आपटत वर गेले आणि कोणी आलं होतं का, असं अगदी सहज विचारलं. कोणी नाही गं, आई म्हणाली, एक मुलगी पाणी मागायला आली होती. टेबलावर पाण्याचा एकच पेला होता, काठोकाठ भरलेला.

मला ऑफिसात माझ्यामागे 'भिंग' म्हणतात, हे मला माहीत आहे. मी वीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासते, आणि खोटा फॉर्म मला वासावरून कळतो. खोटा फॉर्म फार नीटनेटका असतो. खऱ्या माणसाच्या दारात लिहिलेल्या फॉर्मवर पेन अडखळतं, मधेच कोणी दार वाजवतं, कोपऱ्यात कपाचा डाग असतो, आणि बाई सत्तेचाळीस वर्षांची असते. बागेतल्या बाकावर बसून एका दमात भरलेल्या फॉर्ममधली माणसं पंचेचाळीस नाहीतर पन्नास वर्षांची असतात आणि त्यांना प्रत्येक गोष्टीबद्दल मत असतं. असे फॉर्म काढून टाकले की उरलेल्या फॉर्ममधल्या सविस्तर उत्तरांना आकडे द्यायचे, हे माझं काम. यंदाचं सर्वेक्षण देश सोडून जाण्याबद्दल होतं. कोणाला जायचं आहे, आणि का. एक म्हणजे पगार, दोन म्हणजे मुलांचं शिक्षण, तीन सुरक्षितता, चार नातेवाईक आधीच तिकडे, असं करत अकरा म्हणजे इतर. 'इतर' जास्त झालं की आमच्या विभागाच्या बाई बोलावून घेतात. त्यांना वाटतं, आम्ही आळशीपणा करतो. मला विचाराल तर सगळ्यांनाच अकरा द्यायला हवा. कारण विचारलं की माणूस तिथल्या तिथे एखादं कारण तयार करून देतो, पाहुण्याला घाईघाईने चहा करून द्यावा तसं. पण हे माझं मत, आणि ते कोणी विचारत नाही. जायचं आहे का असं तोंडावर विचारलं तर लोक खोटं बोलतात, शेजारी ऐकेल, नवरा ऐकेल म्हणून. म्हणून तो मोजणीचा प्रश्न घातला होता. येत्या वर्षात यांपैकी किती गोष्टी करायचा तुमचा विचार आहे? घरात काही दुरुस्ती करून घ्यायची. दुरावलेल्या एखाद्या माणसाशी पुन्हा बोलायचं. तब्येतीसाठी रोजची एखादी सवय बदलायची. अर्ध्या फॉर्ममध्ये एवढ्या तीनच गोष्टी. उरलेल्या अर्ध्यांमध्ये चौथी: हा देश सोडून दुसरीकडे राहायला जायचं. दोन्ही गठ्ठ्यांची सरासरी काढली की जो फरक पडेल, तेवढे लोक जाणारे. एकट्या माणसाचं उत्तर कोणाला कळत नाही, गठ्ठ्याचं कळतं. चाचणीच्या वेळी मला ही युक्ती फार आवडली होती. आता माझ्या कानात एकट्या माणसाचा आकडा पडला होता, आणि तो माझ्या आईचा होता.

त्याहून वाईट म्हणजे तो आकडा पडायलाच नको होता. फॉर्मचा अगदी पहिला प्रश्न असा आहे: या घरात कोणी सर्वेक्षणाच्या कामात आहे का? 'हो' म्हटलं की मुलगी आभार मानते आणि पुढच्या घरी जाते. म्हणजे आई 'नाही' म्हणाली होती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, जिला प्रश्न नीट ऐकून नेमकं उत्तर देण्याची सवय आहे, ती मुलीच्या नोकरीचं नाव विसरली असं मी कसं मानू. आईने आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि ऐकली नाहीत. म्हणजे ऐकलीच असणार, पण घरी आणली नाहीत. माझ्या लहानपणी बाबा तिला गमतीने विचारायचे, आज कोणाचं लग्न मोडलं, आणि ती म्हणायची, लाइन खराब होती. अशा बाईने अनोळखी मुलीशी एक खोटं आणि माझ्याशी एक, अशी दोन खोटी एका दुपारी बोलावीत? त्या संध्याकाळी जेवताना मी तिच्याकडे नव्याने बघितलं. ती घास नेहमीसारखाच बारीक चावत होती, वाटीतली भाजी नेहमीसारखीच अर्धी माझ्या ताटात टाकत होती, आणि मला तेही पाळत ठेवल्यासारखं वाटलं.

दादा चौदा वर्षांपूर्वी परदेशी गेला. तो, वहिनी, आणि तिकडेच जन्मलेल्या दोन मुली. तो गेला म्हणून कोणी काही म्हणालं नाही, कारण मी होते. मला त्याच्याही वर्षभर आधी परदेशातल्या एका संस्थेत नोकरी मिळाली होती. आई जिन्यात पडली, तिचं मांडीचं हाड मोडलं आणि माझं जाणं राहिलं. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की ते आता एका श्वासात होतं. लग्नाकार्यात, ऑफिसात नवीन आलेल्या मुलींपाशी, दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असतानासुद्धा. ऐकणारा मान हलवतो, आईकडे बघतो, आणि आई बशीतला चहा निवेपर्यंत त्यात बघत राहते. त्या वाक्यावर माझं सगळं घर उभं आहे. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलं नाही, याच दोन खोल्यांत राहते, त्याच टेबलावर बसते, आणि याला काही तरी कारण आहे. आई दादाकडे निघून गेली तर ते कारण विमानात बसून जाईल. मग मी इथे का आहे, याचं उत्तर मला नव्याने द्यावं लागेल, आणि मी तर वीस वर्षं दुसऱ्यांच्याच उत्तरांवर जगले. मला तिची काळजी वाटत होती असं म्हणायला मला आवडलं असतं. पण काळजी नव्हती, संशय होता. चोरी होत असल्याचा.

म्हणून मी गणित मांडलं. तिचा फॉर्म चार गोष्टींचा असेल तर तीन म्हणजे एक गोष्ट नाही. कोणती नाही? रविवारी मी मुद्दाम म्हटलं, न्हाणीघराचं दार फुगलंय, सुताराला बोलावू का. राहू दे, ती म्हणाली, चालतंय तसं. दुरुस्ती बाद. मग मावशीचा विषय काढला. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण, नऊ वर्षं बोलत नाहीत, भांडण कशावरून झालं ते दोघींनाही आता सांगता येणार नाही. मावशीची तब्येत बरी नाही म्हणे, असं मी ठोकून दिलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुला कोणी सांगितलं? मी गडबडले. म्हणजे तिला मावशीची तब्येत माझ्यापेक्षा नीट माहीत होती, म्हणजे बोलणं चालू झालं होतं किंवा होणार होतं. एक धरलं. सवय बदलण्याचं तर डोळ्यांसमोर होतं. महिनाभर ती सकाळी दोनदा जिना उतरून चढत होती, कठड्याला धरून, ओठ हलवत पायऱ्या मोजत. दोन धरले. तीन व्हायला एक हवा, आणि उरली होती ती चौथीच गोष्ट. एवढ्या म्हातारपणी माणूस जिना चढायचा सराव कशासाठी करतं? विमानतळावर चालायला लागतं म्हणून. मी हे सगळं फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलने मांडून पाहिलं होतं, ऑफिसात, फॉर्म वाया गेलेला होता म्हणून. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ, ज्यांना आम्ही नियमबुवा म्हणतो, त्यांनी विचारलं, काय काढताय? मी म्हटलं, सरासरी.

एकदा संशयाचं भिंग डोळ्याला लागलं की घरात काहीही धडपणे दिसत नाही. माळ्यावरची मोठी ट्रंक खाली आली होती आणि तिच्यातल्या जुन्या चादरी खालच्या कामवालीला गेल्या होत्या. फोटोच्या दुकानाचं एक चौकोनी पाकीट तिच्या कपाटात, रुमालांच्या खाली होतं, आणि त्यात तिचे सहा लहान फोटो, पांढऱ्या भिंतीसमोर, चष्मा काढलेला, कान दिसतील असे. असा फोटो म्हातारी बाई हौसेने काढून घेत नाही. दादाशी तिचं बोलणं रविवारी होतं, मी पण असते, वहिनी मुलींना कॅमेऱ्यासमोर ढकलते आणि सगळे हसतात. पण आता आठवड्यातून एकदा मधेच फोन होत होता, आणि मी स्वयंपाकघरात आले की तिचा आवाज त्याच एक्स्चेंजमधल्या आवाजासारखा गुळगुळीत व्हायचा. बरं, ठीक, ठेवते. तिने मला कधी असं 'ठेवते' म्हटलं नव्हतं. मी ते कपाट उघडलं तेव्हा मला लाज वाटली का? वाटली, पण कपाट बंद करताना, उघडताना नाही. आणि विचारलं का नाही, असं कोणी म्हणेल. मी विचारणार नव्हते. विचारलं तर ती 'नाही' म्हणेल आणि मला ते पटणार नाही, किंवा ती 'हो' म्हणेल. लोकांना तोंडावर विचारू नये, हे मी इतकी वर्षं शिकले होते. कागद येऊ दे, मी स्वतःशी म्हटलं. कागद खोटं बोलला तर मला कळतं.

आमच्या भागातले फॉर्म अकराव्या दिवशी आले. त्यांवर नाव नसतं, गल्लीचा क्रमांक असतो आणि घराचा, आणि घराचा क्रमांक ज्या यादीतून येतो ती यादी दुसऱ्या कपाटात, बाईंच्या किल्लीखाली. पण स्वतःची गल्ली शोधायला किल्ली लागत नाही. ओळखीच्या घरचा फॉर्म हाताला लागला तर न वाचता शेजारच्याला द्यायचा, अशा कागदावर मी नोकरीला लागताना सही केलेली आहे. मी नव्या मुलींना तो नियम स्वतः समजावून सांगते, डोळे वटारून. त्या दिवशी मी नियमबुवांच्या टेबलावरचा गठ्ठा माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, तुमचे डोळे दुखतायत ना, द्या थोडे. ते इतके खूश झाले की मला त्यांचंच वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सापडला. स्त्री, एक्काहत्तर, विधवा, सेवानिवृत्त, घरातली माणसं दोन. पहिल्या प्रश्नासमोर 'नाही' ला केलेला गोल दोनदा गिरवलेला होता, म्हणजे मुलीने खात्री करून घेतली होती, खरंच नाही ना काकू, आणि आईने पुन्हा सांगितलं होतं. वरच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब वाळल्याची वळी होती. मी वीस वर्षांत पाहिलेला हा सगळ्यात खरा फॉर्म होता.

मोजणीचा प्रश्न तिसऱ्या पानावर. मी पान उलटलं आणि पहिल्यांदा हसूच आलं. फॉर्म तीन गोष्टींचा होता. चौथी गोष्ट तिला कोणी वाचून दाखवलीच नव्हती. देश सोडायचा शब्दही त्या मोजणीत नव्हता. मी रविवार घालवून मांडलेलं गणित, मावशीच्या आजारपणाचं खोटं, ते रुमालांखाली हात घालणं, सगळं एका नसलेल्या ओळीसाठी. मोठ्याने हसले असते तर नियमबुवा दचकले असते. मग हसू थांबलं, कारण मला आमच्याच युक्तीतली फट दिसली. तीनपैकी तीन म्हणजे सगळ्याच. या प्रश्नात उत्तर लपतं ते मधल्या आकड्यात. सगळ्या गोष्टी म्हटलं की काहीच लपत नाही. आईला घरात दुरुस्ती करायची होती, जी मला ती 'राहू दे' म्हणाली. तिला एका दुरावलेल्या माणसाशी पुन्हा बोलायचं होतं. मी पुन्हा मावशीच धरली, आणि पान पुढे उलटलं. शेवटच्या पानावर सविस्तर उत्तराचा प्रश्न असतो, तो कोणाच्या स्वतःच्या बेताबद्दल नसतो, जगाबद्दल असतो, म्हणजे लोक मोकळे होतात. माणसं आपला देश सोडून का जातात असं तुम्हाला वाटतं? उत्तर जसंच्या तसं लिहा. मुलीचं अक्षर धावत होतं, ओळी चौकटीबाहेर गेल्या होत्या. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी जाणार आहे माझ्या मुलाकडे. तिकडे आवडतं म्हणून नाही, थंडी सोसत नाही. पण माझी मुलगी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगते की ती माझ्यामुळे राहिली. मी माझ्या घरात आई म्हणून राहत नाही, तिचं कारण म्हणून राहते. हे तिला सांगायचं आहे, जमत नाही. तुम्ही लिहून घ्या."

मी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, तो त्या मुलीचा, की एवढं सगळं कशाला लिहून घेतलं, दोन ओळी पुरे असतात. मग आईचा. परक्या पोरीला पाणी देऊन हे सांगतेस. मग माझा हात सवयीने समासात गेला आणि पेन तिथे थांबलं, कारण शेजारी आकडा टाकायचा असतो. पगार नाही, शिक्षण नाही, सुरक्षितता नाही. नातेवाईक आधीच तिकडे, चार, असं कोणीही टाकलं असतं, आणि नियमबुवांनी तर डोळे मिटून टाकलं असतं. फॉर्म त्यांच्याकडे राहिला असता तर माझी आई चार झाली असती आणि मला कधी कळलं नसतं. आता मात्र एकच बरोबर गोष्ट करायची होती. मी पहिल्या पानावर आडवी रेघ मारली, लिहिलं, अपात्र, घरातील व्यक्ती याच कार्यालयात, आणि खाली माझी सही केली. बाईंनी सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. वाचलात का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, यावर मला काही तरी लिहावं लागेल, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, लिहा. रद्द फॉर्म कापून टाकतात. ते उत्तर आता फक्त मला माहीत होतं, आणि ज्याला माहीत आहे त्यानेच काही तरी करायचं असतं. मी उरलेल्या दिवसाची रजा टाकली. रस्त्यात सिग्नलपाशी उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी भांडायची वाक्यं जुळवते आहे आणि ती सगळी 'मी तुझ्यासाठी' अशी सुरू होतात.

घरी आले तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि आई आत मोजपट्टी घेऊन उभी होती. भिंतीवर पेन्सिलच्या दोन खुणा होत्या. सुतार येऊन गेला, ती म्हणाली, इथे धरायला दांडा बसवणार आहे, दारही तासून देईल. मी खुणा बघितल्या. त्या तिच्या खांद्याला आल्या होत्या. आई माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. त्या उंचीवर धरायला ज्याला सोपं जाईल असं घरात एकच माणूस होतं, मी. भांडायची सगळी वाक्यं तिथेच सांडली. मी म्हटलं, आई, तुझा फॉर्म माझ्याकडे आला. तिने मोजपट्टी गुंडाळली, सावकाश, आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसली. वाचलास ना, तिने विचारलं. मी मान हलवली. मग मला का नाही सांगितलंस, मी विचारलं, त्या मुलीला सांगितलंस आणि मला पाण्याची गोष्ट सांगितलीस.

"तू जिन्यात होतीस," आई म्हणाली. "चढतानाची पावलं मी ऐकली. उतरतानाची ऐकू आली नाहीत. म्हटलं, आता वर येऊन विचारेल. म्हणून पाण्याचं सांगितलं, की तू तरी म्हणशील, खोटं का बोलतेस. तू काही बोलली नाहीस. तू माझं कपाट बघितलंस."

मला वाटलं होतं तिने रडावं, म्हणजे मला समजूत घालता आली असती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच मी कोपऱ्यात सापडले. मग मी माझं वाक्य काढलं. एवढ्या वर्षांत ते मी तिला एकटीला कधी ऐकवलं नव्हतं, नेहमी कोणी तरी तिसरं असायचं. मी म्हटलं, मी राहिले त्याचं काहीच नाही का, तू पडलीस तेव्हा मी सगळं सोडलं. आईने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"मी पडले त्या शुक्रवारी," ती म्हणाली. "तू नाही म्हणून कळवलंस ते त्याच्या आधीच्या सोमवारी. मी दवाखान्यातून आले, खाटेवर होते, फोन माझ्या उशाशी ठेवला होतास. त्या संस्थेचा माणूस बोलला. तुमच्या मुलीचं सोमवारचं पत्र मिळालं, आम्हाला वाईट वाटलं. मी थँक यू म्हटलं आणि ठेवला."

पंधरा वर्षं तिने तो फोन घरात आणला नव्हता. लाइन खराब होती. आणि मला तो सोमवार आठवला. विसरले नव्हतेच, फक्त त्याच्याकडे पाठ करून उभी होते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र लिहिलं होतं, अक्षर सुंदर आलं होतं, एक खाडाखोड नाही, आणि पेटीत टाकून आल्यावर मी पोटभर जेवले होते. नंतर चार दिवस एकच काळजी होती, घरी काय सांगायचं. शुक्रवारी दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला, आई जिन्यात पडली आहे, लगेच या, आणि रिक्षात बसेपर्यंतच्या त्या मिनिटात, भीतीच्याही आधी, मला जे वाटलं ते मी आजवर स्वतःलाही ऐकू दिलं नव्हतं. आता ते घशाशी आलं होतं आणि समोर बसलेली बाई ऐकण्यात मुरलेली होती. ती थांबली.

"मला तिकडची भीती वाटत होती," मी म्हटलं. "एकटीने राहायची, चुकायची, सगळ्याचीच. तू पडलीस हे कळलं तेव्हा मला आधी बरं वाटलं."

आईने उठून माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात इतका ओळखीचा होता की मी सेहेचाळीस वर्षांची बाई हुंदके देऊन रडले. खूप वेळाने तिने पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात. दुरावलेलं माणूस मावशी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, झालं. खरं बोलून झालं, आता सगळं जागच्या जागी येईल. म्हणून मी म्हटलं, मग आता नको ना जाऊस. आता तर तू कोणाचं कारण नाहीस. माझ्या आवाजात चक्क लाडीगोडी आली होती, आणि ती जमेल याची मला खात्री होती.

"जाते," आई म्हणाली. "इतके दिवस तुझ्यावर रागावून जाणार होते, म्हणून पाय निघत नव्हता. आता नीट जाता येईल."